अनान्सेला मराठीत आणताना : पश्चिम आफ्रिकेतल्या लोककथांचं चित्रपुस्तक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरीच्या निमित्ताने तुम्ही काही वर्षं घानात, अक्रात राहिलात आणि नंतर नायजेरियात, लागोसला. शेजारणी, ऑफिसमधले सहकारी, मुलांना सांभाळायला येणाऱ्या मावशी यांच्याकडून गोष्टी ऐकल्या, काही फोनवर ध्वनिमुद्रित केल्या. त्यातल्या 20 गोष्टींचं सचित्र मराठी पुस्तक 6 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी करायचं आहे. सुरुवात कुठून करावी, चित्रं कशी असावीत, आणि या गोष्टी छापायचा आपल्याला हक्क आहे का, हे तुम्ही विचारलंत. लोककथांची चित्रपुस्तकं संपादित करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यात या भागातल्या गोष्टींचंही काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी संख्येचं बोलू. 20 गोष्टी घेऊ नका, 10 घ्या. आपल्याकडे पुस्तक सोळापानी फर्म्यांत छापलं जातं. 96 पानं म्हणजे 6 फर्मे. एका गोष्टीला 8 पानं दिली तर 10 गोष्टींची 80 होतात, उरलेल्या 16 पानांत शीर्षकपान, श्रेयनामावली, नकाशा, गोष्टी सांगणाऱ्यांची ओळख आणि मोठ्यांसाठी चार शब्द बसतात. याच पानांत 20 गोष्टी कोंबल्या तर प्रत्येकीला 4 पानं येतील. मग गोष्टीचा सारांश उरतो आणि चित्र कोपऱ्यातली सजावट होऊन बसतं.

आता यापेक्षा महत्त्वाचं. ‘पश्चिम आफ्रिकेच्या लोककथा’ ही ओळ मुखपृष्ठावर हवी तर ठेवा, पण आतल्या प्रत्येक गोष्टीला तिचा पत्ता द्या: कोणत्या लोकांची, कोणत्या भाषेतली, कुठे आणि कुणी सांगितलेली. एकट्या नायजेरियात 500 हून अधिक भाषा बोलल्या जातात. घानातल्या अकान लोकांत गोष्टींचा नायक क्वाकू अनान्से हा कोळी आहे. उत्तर नायजेरिया आणि नायजरमधल्या हौसा लोकांतही नायक कोळीच, पण तो गिझो, आणि त्याची बायको कोकी. योरुबा लोकांकडे इजापा हे कासव आहे, इग्बो लोकांचंही कासवच, पण त्याचं नाव म्बे. सेनेगलच्या वोलोफ गोष्टींत ल्योक ससा आणि बुकी तरस यांची जोडी असते. एक चलाख, दुसरा अधाशी. हे सगळे एकाच ‘आफ्रिकन जंगलात’ एकमेकांना भेटतात असं पुस्तक मी पाहिलं आहे आणि ते वाचताना मला फार वाईट वाटलं. पत्ता लिहिलेला असला की चित्रकाराला झाड कोणतं काढायचं ते कळतं, अनुवादकाला गाणं कोणत्या भाषेत ठेवायचं ते कळतं, आणि परवानगी कुणाकडे मागायची तेही कळतं.

तुमच्याकडे अक्रा आणि लागोसमध्ये ऐकलेल्या गोष्टी आहेत. तेव्हा पुस्तकाचा गाभा अकान आणि योरुबा गोष्टींचाच ठेवा. सेनेगल किंवा मालीतलं काही ऐकलेलं नसेल तर ‘प्रदेश पूर्ण व्हावा’ म्हणून जुनी पुस्तकं चाळून भर घालू नका. माली-गिनीकडच्या जेलींची, म्हणजे ज्यांना फ्रेंचमध्ये ग्रिओ म्हणतात त्यांची, सुंजाताची वीरगाथा तर मुळीच नको. ती वंशपरंपरेने गाणाऱ्या घराण्यांची ठेव आहे, राजाच्या कुळाचा इतिहास आहे. रात्री जेवणं झाल्यावर कुणीही कुणालाही सांगावी अशी गोष्ट वेगळी. दोन्ही एका जिल्दीत बांधल्या की दोन्हींचा तोल जातो.

निवड करताना तऱ्हा बघा. सगळ्या गोष्टी फसवाफसवीच्या नकोत. ‘अमुक असं का झालं’ सांगणारी एखादी, गाण्यावर चालणारी एखादी, आणि निदान एक तरी प्रश्नावर संपणारी. पश्चिम आफ्रिकेत अशा प्रश्नकथांची मोठी परंपरा आहे: तिघा-चौघांनी मिळून काही साधलं, आता बक्षीस कुणाला? सांगणारा थांबतो आणि ऐकणारे भांडत बसतात. वेताळ पंचविशी ऐकलेल्या मराठी मुलाला ही रचना परकी वाटणार नाही. फरक एवढाच की इथे उत्तर द्यायला राजा विक्रम नाही, ते मुलांनीच द्यायचं. माझ्या अनुभवात वर्गात सर्वांत जास्त गलका याच गोष्टींवर होतो.

आता तुमच्या ध्वनिमुद्रणांकडे वळू. प्रत्येकाची नोंद करून ठेवा: सांगणाऱ्या व्यक्तीचं नाव त्यांना हवं तसं, गाव, मातृभाषा, गोष्ट कोणत्या भाषेत सांगितली, त्यांनी स्वतः ती कुणाकडून ऐकली. शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नका. घाना-नायजेरियातल्या शिकलेल्या माणसाला अनान्सेची गोष्ट आजीकडून मिळालेली असू शकते, तशीच शाळेच्या इंग्रजी वाचनमालेतूनही. दोन्ही चालतील, पण वाचनमालेतलं रूप बहुतेक वेळा कापून-छाटून गुळगुळीत केलेलं असतं. अशी गोष्ट त्याच भाषेच्या आणखी एका व्यक्तीकडून ऐका. त्यांनी मध्ये एखादं गाणं म्हटलं, तर समजा की पहिल्या सांगण्यात ते गळलं होतं.

पडताळणीसाठी जुने संग्रह उपयोगी आहेत, मात्र डोळे उघडे ठेवून वाचायचे. आर. एस. रॅट्रे या ब्रिटिश अधिकाऱ्याचा असान्ते, म्हणजे अकानांपैकीच एका समाजाच्या, कथांचा 1930 चा संग्रह मी पहिल्यांदा काढेन, कारण त्यात एका बाजूला मूळ त्वी भाषेतला मजकूर आहे आणि समोर इंग्रजी, आणि चित्रंही गोल्ड कोस्टमधल्याच, म्हणजे आजच्या घानातल्या, चित्रकारांनी काढलेली आहेत. एल्फिन्स्टन डेरेल हे दक्षिण नायजेरियातले जिल्हा अधिकारी. त्यांचा संग्रह 1910 चा. सिएरा लिओनमधला क्रोनाइज आणि वॉर्ड यांचा 1903 चा. या मंडळींनी मेहनत घेतली हे खरंच, पण ते आपल्या वाचकांसाठी लिहीत होते. या संग्रहांत चित्रकाराला फसवणारे खड्डेही आहेत. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘टायगर’ भेटतो. आफ्रिकेत वाघ नाहीत, तिथे बिबट्या समजायचा. सिएरा लिओनच्या गोष्टींतला ‘कनी रॅबिट’ हा ससा नाहीच, ते हरणासारखं एक चिमुकलं, लाजरं जनावर आहे. इंग्रजी नावावरून काढलेलं चित्र म्हणजे सरळ चुकीचं चित्र.

यानंतरचा भाग माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा: सांगण्याची रीत.

असान्ते लोकांत अनान्सेच्या गोष्टी अंधार पडल्यावरच सांगायची चाल होती. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो असं आपल्याकडेही म्हणतात, त्यामुळे हे मुलांना समजावून सांगायची गरज पडत नाही. सांगणारा सुरुवातीलाच बजावतो की आम्ही जे सांगणार आहोत ते खरं आहे असं आमचं म्हणणं नाही. आणि शेवटी म्हणतो, ही माझी गोष्ट, गोड लागली असेल किंवा नसेल, थोडी तुमच्याबरोबर न्या आणि थोडी माझ्याकडे परत येऊ द्या. योरुबा घरात सांगणारा ‘आलो ओ!’ अशी हाक देतो, मुलं ‘आलो!’ म्हणून ओ देतात, आणि मग गोष्ट सुरू होते. त्यातही आलो आपामो म्हणजे कोडी आणि आलो आपाग्बे म्हणजे ज्यात सगळ्यांनी मिळून धरायचं धृपद असतं अशा गोष्टी. अकान गोष्टींत म्मोगुओ असतं: गोष्ट रंगात आली की ऐकणाऱ्यांपैकीच कुणीतरी मध्ये गाणं सुरू करतं, सगळे टाळ्या वाजवत ते उचलतात, कंटाळा झटकला जातो आणि गोष्ट पुढे सरकते. एफुआ सदरलँड या घानाच्या नाटककार बाईंनी 1960 च्या दशकात एकुम्फी आत्विया या गावात गावकऱ्यांबरोबर ‘कोद्झिदान’, म्हणजे गोष्टघर, उभं केलं. गोष्ट ही सगळ्या गावाने मिळून करायची गोष्ट आहे, या समजुतीवरच ते उभं राहिलं.

हे सगळं पुस्तकात यायला हवं. मराठी लेखकाच्या हाताला दोन सवयी असतात. एक, सुरुवातीला ‘आटपाट नगर होतं’ आणि शेवटी ‘साठा उत्तरांची कहाणी’. ही आपल्या कहाण्यांची दारं आहेत, फार सुंदर आहेत, पण ती या घराला लावू नका. त्यांची हाक आणि त्यांचा निरोप मराठीत आणा. मुलं दोन दिवसांत तोंडपाठ करतात. दुसरी सवय ‘तात्पर्य’ लिहिण्याची. अनान्से लबाड आहे, खादाड आहे, बायको आसोपेक्षा बऱ्याचदा कमी हुशार आहे, आणि तरीही आकाशदेव न्यामेकडून जगातल्या सगळ्या गोष्टी त्यानेच मिळवल्या. अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि म्मोआतिया ही वनातली परी, एवढ्यांना पकडून देण्याची किंमत त्याने फसवणूक करूनच चुकवली. याचं तात्पर्य काय लिहिणार? तो कधी जिंकतो, कधी तोंडावर आपटतो, मुलं दोन्ही वेळा हसतात आणि काय घ्यायचं ते घेतात. खाली चौकटीत बोधवचन छापलंत की पुढच्या गोष्टीपासून मुलं ती चौकट येण्याची वाट पाहायला लागतात, गोष्ट ऐकत नाहीत.

गाणी मूळ भाषेतच ठेवा, देवनागरीत लिहून, आणि अर्थ त्याच पानावर बारीक टाइपात द्या. आपल्या लिपीत न्तिकुमा (अनान्सेचा मुलगा), म्मोगुओ असे शब्दारंभीचे जोडउच्चार सहज लिहिता येतात. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही दोन अक्षरं त्वी आणि योरुबातल्या उघड्या स्वरांसाठी कामाला येतात. योरुबातले चढ-उतार मात्र देवनागरीत उतरत नाहीत, म्हणून गाण्यांचं ध्वनिमुद्रण क्यूआर कोडने जोडा, अर्थात सांगणाऱ्यांच्या संमतीने. निवेदनात आपले नादशब्द मोकळेपणाने वापरा. धपकन, सुळकन, खुदूखुदू हे आपलं धन आहे आणि तिकडच्या भाषाही अशाच नादशब्दांनी भरलेल्या आहेत. इंग्रजीतून आलेल्या मजकुरात ते सुकून गेलेले असतात, मराठीत पुन्हा ओले होतात.

भूक वगळू नका. या गोष्टींपैकी कितीतरी ‘एकदा दुष्काळ पडला’ इथूनच सुरू होतात, कारण नवं कंदाचं पीक हाती येण्याआधीचे महिने खरोखरच ओढीचे असत. अनान्सेची लबाडी त्या भुकेतून येते. मात्र चित्रात खपाटीला गेलेली पोटं आणि रडवे डोळे नकोत. रिकामं मडकं, थंड चूल, कणगीच्या तळाशी उरलेला एक कंद एवढ्याने काम होतं. मारहाण आणि मरण याबाबतीत तुमचं तुम्ही ठरवा. मी मरण ठेवते, यातना गाळते.

चित्रांचा पहिला प्रश्न अनान्से स्वतः. तो माणूस की कोळी? सांगणारे हे कधीच पक्कं करत नाहीत, चित्रकाराला करावं लागतं. माझं मत ठाम आहे: सुरुवातीला तो माणसासारखा काढा. कारण असं की अनेक गोष्टींच्या शेवटी तो लाजून छताच्या आढ्याकडे पळतो, ‘तेव्हापासून कोळी कोपऱ्यात राहतो’ म्हणून गोष्ट संपते. पहिल्याच पानावर आठ पायांचा कोळी दाखवलात तर त्या शेवटात काही घडतच नाही. त्याच्या हालचालीत, बोटांत, बसण्यात कोळीपण असू द्या, आणि शेवटच्या पानावर ते उघडं करा.

याच कारणाने गोष्टींचा क्रम आणि चित्रं एकत्र ठरवावी लागतात. दोन गावांत एकाच दिवशी मेजवानी, कुठली आधी सुरू होते ते कळावं म्हणून अनान्से कमरेला दोन दोर बांधतो, दोन्हीकडची मुलं एकाच वेळी ओढतात आणि त्याची कंबर कायमची बारीक होते, ही गोष्ट तुमच्याकडे असणारच. तिच्या आधीच्या गोष्टींत त्याची कंबर जाड हवी, नंतरच्या सगळ्यांत बारीक. कासवाच्या कवचाचंही तसंच. पक्ष्यांची पिसं उसनी घेऊन आभाळातल्या मेजवानीला गेलेलं कासव खाली पडतं आणि कवचाला तडे जातात. तोवर कवच गुळगुळीत. दुसऱ्या वाचनात मुलं हे हमखास पकडतात, आणि पकडल्यावर त्यांना होणारा आनंद बघण्यासारखा असतो. इथे आणखी एक सूचना: कासव आभाळातून पडलं म्हणताच मराठी माणसाला पंचतंत्रातलं काठी तोंडात धरलेलं कासव आणि हंस आठवतात. ते साम्य मोठ्यांसाठीच्या टिपेत लिहा, चित्रात आणू नका. तिथलं कासव बडबडीने पडत नाही, अधाशीपणाने पडतं, आणि तेही स्वतःचं नाव ‘तुम्ही सगळे’ असं ठेवून पक्ष्यांचा वाटा लाटल्यावर.

प्राणी आणि झाडं. घानाच्या दक्षिणेकडच्या जंगलपट्ट्यात झेब्रा, जिराफ, उघडं पिवळं गवताळ रान असलं काही नसतं. ते चित्र पूर्व आफ्रिकेच्या सफारीतून आलेलं आहे. इथे घनदाट हिरवाई, लाल माती, तेलताड, केळी, कोकोची झाडं, ओलसर धुकं. प्राण्यांत बिबट्या, अजगर, छोटी रानहरणं, खवल्या मांजर, गिनी कोंबडी, धनेश. हत्ती काढायचा तर जंगली आफ्रिकी हत्ती: कान गोलसर, सुळे सरळ आणि खाली वळलेले. आपल्या चित्रकारांच्या हाताला गणपतीचा हत्ती बसलेला असतो, हे आधीच बोलून ठेवा. सावरीचा अजस्र वृक्ष, ज्याच्या मुळांच्या भिंती माणसापेक्षा उंच होतात, तो आपल्याकडे पांढरी सावर म्हणून ओळखीचा आहे. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. ती उत्तरेकडच्या कोरड्या माळांवर काढा, असान्तेच्या दाट रानात नको. गोष्टीत याम असेल तर रताळं काढू नका. तो कोनफळ-करांद्याच्या कुळातला कंद आहे, हातभर लांब, सालीने खडबडीत, आणि त्याचा वेल उंच काठ्यांवर चढवलेला असतो. फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदाचा गोळा, कांडायचं उखळ-मुसळ मराठी मुलांना लगेच कळेल, फक्त मुसळ पुरुषभर उंच असतं आणि एकजण कांडत असताना दुसरा उखळातला गोळा हाताने उलटत असतो. ती लय चित्रात आली तर पान जिवंत होतं.

कपड्यांत सर्वांत जास्त घोळ होतो. केंते म्हणजे हातमागावर विणलेल्या अरुंद पट्ट्या जोडून केलेलं भारी वस्त्र. घानातल्या कुमासी शहराजवळचं बॉन्विरे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ते गेलं. ते सणासमारंभाचं वस्त्र. शेतात कंद उकरणाऱ्या अनान्सेला केंते नेसवणं म्हणजे आपल्या शेतकऱ्याला नांगरताना पैठणीचा शेला पांघरायला लावणं. आदिंक्राचे ठसे तर नुसत्या नक्षीसारखे कधीच पसरू नका. प्रत्येक चिन्हाला अर्थ आहे, आणि गडद रंगाचं आदिंक्रा वस्त्र परंपरेने अंत्यविधीला नेसतात. ‘अनान्से न्तोन्तान’ हे कोळ्याच्या जाळ्याचं चिन्ह शहाणपणाचं आणि कल्पकतेचं मानतात. ते एकदा, योग्य जागी आलं तर शोभेल. योरुबा गोष्टींना आबेओकुटा-ओशोग्बोकडची निळीची आदिरे कापडं द्या. निळा रंग हा त्या गोष्टींचा ऋतूच बनून जातो.

चित्रकाराला संदर्भ म्हणून छायाचित्रांच्या आधी अकान लोकांची सोनं तोलायची पितळी वजनं दाखवा. मेणाचा साचा करून ओतलेली, बोटभर उंचीची: मगर, पक्षी, भांडणारी माणसं, आणि कितींच्या तरी मागे एखादी म्हण. राजदरबारात राजाच्या वतीने बोलणाऱ्या वाक्प्रमुखाच्या हातातल्या दंडावरही अशाच आकृती असतात. एका दंडाच्या टोकावर जाळ्यात बसलेला कोळी आहे, आणि त्यामागची म्हण अशी की अनान्सेच्या घरी जाऊन त्याला शहाणपण कुणी शिकवत नाही. कमीत कमी आकारात पूर्ण गोष्ट कशी सांगायची, हे या वस्तूंकडून शिकावं. घरांसाठी कुमासीच्या आसपासच्या जुन्या असान्ते वास्तू पाहा: चौक, उतरती छपरं, भिंतींवर उठावदार नक्षी. 1980 पासून त्या जागतिक वारसा यादीत आहेत. मालीतली मातीची मशीद याच पुस्तकात मागे डोकावायला नको.

वारली शैलीत काढलं तर, असं तुम्ही लिहिलं आहे. मी नको म्हणेन. वारली ही डहाणू-जव्हारच्या लोकांची भाषा आहे, तिचे स्वतःचे देव आणि लग्नचौक आहेत. अकान गोष्टीवर ती चढवली की दोन्हींचे पत्ते पुसले जातात. शक्य असेल तर चित्रकार घाना किंवा नायजेरियातलाच शोधा. काम ऑनलाइन होतं, आणि तिथे मुलांच्या पुस्तकांची चांगली परंपरा आहे; मेशाक असारे यांची चित्रं आधी बघून घ्या म्हणजे डोळा तयार होईल. मराठी चित्रकार निवडलात तर तिकडचा एक वाचक-सल्लागार मानधन देऊन घ्या, आणि त्याला कच्च्या रेखाटनांच्या टप्प्यावर विचारा. रंगकाम झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला कुणी खरं उत्तर देत नाही.

पान उलटण्याचा विचार लिहितानाच करायचा. उदाहरण देते. डेरेलच्या संग्रहातली एफिक-इबिबियो लोकांची एक गोष्ट आहे: सूर्य आणि चंद्र नवराबायको, पाण्याला आपल्या घरी बोलावतात. पाणी विचारतं, अजून येऊ का? सूर्य म्हणतो, ये. मासे, खेकडे, सगळा गोतावळा घेऊन ते येत राहतं, शेवटी नवराबायकोला छपरावर आणि तिथून आभाळात जावं लागतं. ही तुमच्या ध्वनिमुद्रणांत नसेल तर छापील संग्रहातून घेतल्याचं स्पष्ट लिहून घ्या, कारण चित्रपुस्तकासाठी ती अप्रतिम आहे. पहिल्या जोडपानावर पाणी तळाशी बोटभर, दुसऱ्यावर गुडघाभर, आणि त्याबरोबर मजकुराच्या ओळीही वर वर ढकलल्या जातात. चौथ्या जोडपानावर अक्षरं छताला टेकलेली. प्रत्येक वेळी ‘अजून येऊ का?’ हा प्रश्न उजव्या पानाच्या शेवटी यायला हवा, उत्तर पान उलटल्यावर. मोठ्याने वाचताना मुलं काय करतात ते सांगायलाच नको.

जोडपानावर 80-90 शब्दांपेक्षा जास्त मजकूर नको. टाइप 16 ते 18 पॉइंट, ओळींत भरपूर जागा, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात. मुक्ता किंवा बलू हे मुक्त परवान्याचे फॉन्ट मुलांसाठी चांगले चालतात. सांगणाऱ्याची ओळ साध्या आणि मुलांनी द्यायची ओ ठळक अक्षरांत ठेवा, रंगीत अक्षरांत नको. सगळा मजकूर फक्त काळ्या शाईच्या छपाई-प्लेटवर राहिला तर उद्या त्वी, योरुबा किंवा इंग्रजी आवृत्ती काढताना तेवढी एकच प्लेट बदलावी लागते. अक्रातल्या सब-सहारन पब्लिशर्ससारख्या प्रकाशकाकडे सहआवृत्तीचा प्रस्ताव नेताना हा मुद्दा खर्चाच्या हिशेबात फार वजनदार ठरतो.

छपाईत एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: त्वचेचा रंग. पडद्यावर सुंदर दिसणारा गडद तपकिरी चेहरा मॅपलिथो, म्हणजे बिनलेपाच्या, कागदावर शाई पसरून काळा ठिक्कर होतो, डोळे आणि ओठ हरवतात. काळी शाई कमी करून लाल-पिवळ्याने उबदार गडदपणा आणा, पाचसहा वेगवेगळ्या छटा ठरवा, कारण गावातले सगळे एकाच रंगाचे नसतात, आणि खऱ्या कागदावर खऱ्या मशीनचं प्रूफ घेतल्याशिवाय मंजुरी देऊ नका. निळीचा निळाही असाच जांभळ्याकडे झुकतो. 130 जीएसएमचा मॅट आर्ट पेपर परवडला तर निम्मे प्रश्न सुटतात. बांधणी शिवणीची घ्या. डकवलेलं पुस्तक शाळेच्या वाचनालयात वर्षभरही टिकत नाही.

आता हक्क. लोककथेचा मूळ गाभा भारतीय कॉपीराइट कायद्याखाली कुणा एकाच्या मालकीचा नाही, पण कुणाचंही लिहिलेलं रूप त्या लेखकाचं असतं आणि लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत राहतं. रॅट्रे 1938 मध्ये गेले, त्यामुळे त्यांचा मजकूर आपल्याकडे केव्हाच मुक्त झाला आहे. सेनेगलचे लेखक बिरागो दिओप 1989 मध्ये गेले, त्यांनी लिहिलेल्या रूपाला परवानगी लागेल. घानात मात्र वेगळी व्यवस्था आहे. तिथल्या 2005 च्या कॉपीराइट कायद्याने, म्हणजे ॲक्ट 690 ने, लोकसाहित्याचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे विश्वस्त म्हणून सोपवले आहेत, आणि त्याचा व्यावसायिक वापर करायचा तर नॅशनल फोकलोर बोर्डाकडे अर्ज करून शुल्क भरावं लागतं. तुमचं पुस्तक पुण्यात छापलं जाईल हे खरं, पण ते पुढे अक्रात विकायचं असेल तर हा अर्ज आताच करा. विकायचं नसलं तरी माझा सल्ला हाच राहील. ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारलं होतं, असं श्रेयपानावर छापता यायला हवं.

सांगणाऱ्यांच्या बाबतीत मी कायद्याकडे बोट दाखवून थांबत नाही. त्यांची नावं प्रत्येक गोष्टीच्या शीर्षकाखाली हवीत, मागच्या पानावर बारीक अक्षरांत नकोत. एकरकमी मानधन द्या आणि स्वामित्वधनात वाटा ठेवा, कितीही छोटा असो. तुमचं मराठी रूप तयार झालं की ते इंग्रजीत उलट सांगून फोनवर त्यांना ऐकवा. ‘असं नाही, तो आधी घरी गेला’ अशा दुरुस्त्या येतात, आणि त्या सोन्यासारख्या असतात. फोनवरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांना पुस्तकासाठी संमती घेतलेली नसेल तर ती आता नव्याने मागा. कुणी नाही म्हटलं तर ती गोष्ट बाजूला ठेवा.

चित्रकाराशी लेखी करार करा आणि त्यात मुदत, प्रदेश, भाषा तिन्ही लिहा. आपल्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर हक्क फक्त 5 वर्षांसाठी दिले असं धरलं जातं, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. घानातली आवृत्ती मग अडकते. मूळ चित्रं चित्रकाराकडेच राहू द्या.

कामाचा क्रम मी असा ठेवेन: या महिन्यात ध्वनिमुद्रणांची नोंद आणि संमती, मग 10 गोष्टींची निवड, मग मजकुराचा पहिला खर्डा. तो हातात आला की चित्रकाराकडे जाण्याआधी साध्या कागदांची 96 पानी डमी करा, मजकूर कापून डकवा, चित्राच्या जागी नुसते चौकोन काढा, आणि चारपाच मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. कुठे त्यांनी ओ दिली, कुठे पान लवकर उलटलं, ते पेन्सिलीने त्याच डमीवर लिहा. ती डमी मला पाठवलीत तर आनंदाने बघेन, सोबत त्या 10 गोष्टींची मूळ ध्वनिमुद्रणंही पाठवा. त्वी किंवा योरुबा मला पुरती कळत नाही, पण सांगणारा कुठे थांबतो, कुठे हसतो, गाणं नेमकं कुठे सुरू होतं, ते ऐकूनच मी मजकुरावर खुणा करेन.